उतरवलेली रिंग

मित्रांनो, इंडियानापोलिसच्या उत्तर भागातल्या मागल्या गल्ल्यांमधून कधी चालत गेलात, तर एका बुटक्या पांढऱ्या गॅरेजच्या कपाळावर मी तुम्हाला दिसेन. मी बास्केटबॉलची रिंग आहे. माझा नारिंगी रंग ताजा आहे, पण त्यावर जाऊ नका. आतलं लोखंड म्हातारं झालं आहे आणि रंग लावून कुणी तरुण होत नाही. एके काळी माझ्याशी रोज संध्याकाळी बोलणारा एक चेंडू होता. तो आता कचऱ्याच्या डब्याशेजारी गप्प बसून असतो. म्हणून आज तुमच्याशी बोलते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मी विकण्यासाठी बनले नाही. ल्यूशस ओग्लस्बी तेव्हा इंजिनांच्या ओतकामाच्या कारखान्यात होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक सळई तापवली, वाकवली आणि तिची दोन टोकं सांधली. घाई झाली असावी, कारण मी नीट गोल झाले नाही. डावीकडे जराशी चपटीच राहिले. घरी आणल्यावर त्यांच्या बायकोने, ओडेसाबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं.

"ल्यूशस, ही रिंग आहे की अंडं?"

"चेंडू ओळखेल की," ते म्हणाले.

एवढी धडपड कशासाठी, तर त्यांचा नातू क्विंटन नुकताच त्यांच्याकडे राहायला आला होता. त्याची आई कामासाठी दूर ह्यूस्टनला गेली होती. पोरगं दिवसभर खिडकीत बसून आईची गाडी दिसते का ते बघायचं. त्याला त्या खिडकीतून उठवायचं म्हणून मला गॅरेजवर टांगलं. एका मुलाचं वाट बघणं थांबावं म्हणून मी जन्मले आणि म्हातारपणी वाट बघणंच माझ्या वाट्याला आलं. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

ओडेसाबाईंनी कपडे वाळत घालायच्या दोरीची माझ्यासाठी जाळी विणली. त्या जाळीतून चेंडू गेला की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा. तो ऐकला की स्वयंपाकघरात त्यांना न बघता कळायचं, पोराचा नेम बसला.

आमच्या गल्लीला उतार आहे. कचऱ्याच्या डब्याजवळचा कोपरा सगळ्यात खाली. तिथून फेकायचं तर मी फार उंच वाटते आणि माझी चपटी बाजूही नेमकी तिकडेच. सरळ आलेला चेंडू मी निर्दयपणे परत पाठवायचे. क्विंटन रडायचा, मला शिव्या द्यायचा, मग पुन्हा फेकायचा. हळूहळू तो चेंडू इतका उंच सोडायला शिकला की तो वरून, अगदी मधोमध, माझ्यात उतरायचा.

घराचा एक नियम होता. खरं तर या राज्यातल्या प्रत्येक अंगणाचाच तो नियम आहे. शेवटचा चेंडू चुकवून घरात जायचं नाही. आत जायचं तर चेंडू आत टाकूनच. घेवडा शिजलेला असायचा, मक्याचा पाव गार होत असायचा. ओडेसाबाई मागच्या दारातून हाक मारायच्या, "क्विंटन, जेवायला चल!"

"एकच राहिलाय, आजी!"

"मग टाक लवकर. चुकलेला चेंडू घेऊन माझ्या टेबलाशी बसायचं नाही."

पुढे तो शाळेच्या संघात गेला, मग विद्यापीठात आणि शेवटी गंमत अशी झाली की आमच्याच शहराच्या मोठ्या संघाने त्याला घेतलं. गॅरेजमधल्या रेडिओवर सामन्याचं वर्णन चालू असायचं. वर्णन करणारे हैराण व्हायचे, हा मुलगा चेंडू ढगात का फेकतो आणि तो तिथून परत कसा येतो? ल्यूशस खाली बसून बूट पुसत रेडिओला उत्तर द्यायचे, "आमच्या कचऱ्याच्या डब्याला विचारा."

तेव्हा माझाही थाट काही विचारू नका. लांबलांबून माणसं यायची आणि माझ्याखाली उभी राहून फोटो काढायची. बुटांची जाहिरात करणारी एक मंडळी आली होती. त्यांना मी पुरेशी जुनी वाटले नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर आणखी गंज रंगवला! खरा गंज होता त्याच्यावरच. मला हसू आलं, पण कौतुक कुणाला नकोसं असतं?

कौतुक वाढलं तसा क्विंटनचा वेळ आटला. तो यायचा तो पुढच्या दाराने, घाईत. माझ्याकडे यायला गल्लीतून वळसा पडतो. मी समजून घेत होते. मोठी झालेली मुलं वळसा घालत नाहीत.

मग हिवाळ्यात ओडेसाबाई गेल्या. दफनविधी आटोपून सगळे घरी आले तेव्हा काळा सूट घातलेला क्विंटन एकटा मागे आला. त्याने चेंडू उचलला, डब्याजवळच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि फेकला. चेंडू माझ्या चपट्या बाजूवर आपटून बर्फात पडला. मित्रांनो, त्या दिवशी मला थोडं गोल होता आलं असतं तर मी झाले असते. त्याने चेंडू पुन्हा उचलला, पण गल्लीच्या तोंडाशी गाडी हॉर्न देत होती, संघाचं विमान थांबलेलं होतं. तो चेंडू डब्याशेजारी ठेवून थेट गाडीत बसला. चुकवून गेला तो. आयुष्यात पहिल्यांदाच.

त्यानंतर तो मागे आला नाही. आजीची हाक नसलेल्या अंगणात त्याला यायचं नसावं. जाळी कुजून गळून पडली. ल्यूशस घरात एकटेच राहू लागले, मी बाहेर एकटी. रोज सकाळी ते कचरा टाकायला यायचे, माझ्याकडे बघायचे आणि परत जायचे. दोघांनाही एकाच माणसाची वाट होती, पण ते बोलून दाखवायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

उन्हाळा आला आणि क्विंटनचा करार संपायला आला. आमच्याकडे करार संपलेला खेळाडू मोकळा होतो. मग देशभरातल्या संघांकडून त्याला स्थळं येतात. जूनच्या शेवटच्या संध्याकाळी बोलणी खुली होतात. ती होईपर्यंत अख्ख्या शहराला दुसरा धंदा नसतो. एरवी शहाणीसुरती असलेली माणसं ज्योतिषी होतात. खेळाडूचं विमान कुठे उतरलं, त्याच्या घरातले दिवे चालू आहेत का, त्याने कुत्रा कुणाकडे ठेवला, सगळ्याचा अर्थ लावतात. क्विंटनने एका दुकानात लोकरी कोट हातात घेऊन परत ठेवला, तर रेडिओवर दुपारभर चर्चा झाली. कोट नको म्हणजे हा उन्हाच्या प्रदेशात निघाला!

त्यात एक खरं होतं. पश्चिमेच्या वाळवंटातल्या एका बलाढ्य संघाने त्याला मागणी घातली होती.

त्या दिवसांत एकदा ल्यूशस गॅरेजच्या दारात उभे होते आणि क्विंटनचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात. मी बरोबर वरच होते. आजोबांना तो लहानपणापासून पॉपॉ म्हणतो.

"पॉपॉ, तुम्हाला काय वाटतं? राहू की जाऊ?"

ल्यूशसनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुझं तू ठरव."

"तसं नाही, पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तू वेळेवर जेवत नाहीस."

क्विंटन हसला. फोन ठेवल्यावर ल्यूशसनी मान वर केली आणि माझ्याशी बोलले. बायको गेल्यापासून ते एवढं कुणाशी बोलले नव्हते. "राहा म्हटलं तर राहील तो. म्हाताऱ्यासाठी राहील. आणि मग इथे तो हरला की दर वेळी मला वाटणार, मी अडवलं पोराला. पण राहिला तर... राहिला तर किती बरं होईल."

हे शब्द जगात फक्त मी ऐकले. आणि माझ्यासारखा बिनकामाचा साक्षीदार शोधून सापडायचा नाही.

बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष माझ्यामागच्या फळीकडे गेलं. फळी खालून काळी पडली होती. त्यांनी झाडूचा दांडा टेकवला, तो आत रुतला. "आला आणि फेकायला उभा राहिला, तर डोक्यात पडेल त्याच्या," ते म्हणाले. दुसऱ्याच सकाळी त्यांनी शिडी लावली, बोल्ट सैल केले आणि मला खाली उतरवलं. मला सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवं ठेवून ते गंज खरवडू लागले. किती तरी दिवसांनी कुणाचा तरी हात लागला होता. मी मनातून खूष होते. पोराच्या स्वागताची तयारी चालली आहे हे मला कळत होतं.

समोरच्या घरातल्या व्हर्डेलबाई कुंपणाशी आल्या. चर्चमध्ये ल्यूशस डीकन आहेत, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांपैकी एक, त्यामुळे सगळी आळी त्यांना डीकन म्हणते.

"अगंबाई, डीकन! शिडीवर चढलात? पडलात तर माझ्याकडे सूप मागायला येऊ नका."

"तुमचं सूप पिण्यापेक्षा पडलेला बरा, मिस व्हर्डेल."

बाईंनी हसत हसत फोटो काढला आणि आपल्या बहिणीला पाठवला, की बघ, म्हातारा कामाला लागला. एवढंच. बाईंच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. पण बहिणीने तो पुढे पाठवला, तिच्या जावयाने आणखी पुढे आणि बातमीला पाय फुटले. दुपारी रेडिओवरचा माणूस घसा फोडून ओरडत होता, "रिंग उतरली! ओग्लस्बींच्या गॅरेजवरची रिंग उतरली! मंडळी, खेळ खलास!"

संध्याकाळपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी रडत होतं, कुणी फुलं आणली होती. गल्लीच्या टोकाला एकाने पिंपात क्विंटनच्या नावाची जर्सी पेटवली. जळलेल्या कापडाचा वास थेट माझ्यापर्यंत आला. ल्यूशस हातात तारांचा ब्रश घेऊन बाहेर आले.

"काय झालंय तुम्हाला? फळी कुजली आहे. फळी बदलतोय."

जर्सी घातलेला एक धिप्पाड माणूस पुढे झाला. "डीकन, आम्ही काय दूधखुळे आहोत? नेमकी आजच कुजली?"

"कुजायला मुहूर्त लागतो का? ही बघ." त्यांनी फळी पुढे धरली.

त्या माणसाने फळीला हात लावला. तिचा ढलपा निघाला. त्याने तो डोळ्यांना लावला, रुमालात बांधला आणि आठवण म्हणून घेऊन गेला! त्याचं बघून आणखी दोघा-तिघांनी ढलपे काढले. सत्य हातात घेऊन माणसं घरी गेली, पण मानलं एकानेही नाही.

व्हर्डेलबाई फार ओशाळल्या होत्या. "डीकन, माझं मेलीचं चुकलं. पण तुम्ही त्याला फोन करा ना. सांगा, नुसती फळी बदलतोय, रिंग परत लावणार आहे."

"आणि त्याचा अर्थ तो काय लावेल? रिंग परत लावतोय म्हणजे ये, राहा. नाही, मिस व्हर्डेल. इतके दिवस तोंड मिटून काढले, आता अगदी शेवटी उघडू?"

"पण त्यानेही फोटो पाहिला असेल!"

"तो माझा नातू आहे. या गल्लीतल्या वेड्यांसारखं नाही करायचा तो."

मित्रांनो, मोठ्या माणसांच्या चुका अशा असतात. त्या प्रेमातूनच होतात, म्हणून कुणी त्यांना थांबवत नाही.

जूनची शेवटची संध्याकाळ आली. ल्यूशस मला रंगाचा दुसरा हात देत होते, रेडिओ चालू होता. बोलणी खुली झाली आणि थोड्याच वेळात ती बातमी आली. क्विंटन ओग्लस्बीने वाळवंटातल्या संघाला शब्द दिला होता. ल्यूशसनी ब्रश डब्यात ठेवला, मग परत काढला आणि रंगवून झालेल्या जागेवरच पुन्हा रंग दिला. तिथे रंगाचा एक ओघळ सुकला आहे, अजून दिसतो.

दोन दिवसांनी तो आला. या वेळी पुढच्या दाराने नाही, गल्लीतून, पायी. पांढरा शर्ट, हात खिशात. मी घोड्यांवर होते, माझ्यावर शेवटचा हात ओला होता. त्याने आजोबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"थँक यू, पॉपॉ."

"कशाबद्दल?"

"याबद्दल." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "खरं सांगू? माझं राहायचं ठरलं होतं. एजंटला तसं सांगणारही होतो. मला वाटत होतं, तुम्हाला मी इथे हवा आहे, फक्त तुम्ही म्हणत नाही. मग तो फोटो पाहिला. म्हटलं, माझा म्हातारा बोलणार नाही, पण करून दाखवणार. लहानपणी सायकलला आधाराची छोटी चाकं होती, आठवतं? एक दिवस उठलो तर तुम्ही ती काढून टाकलेली. तोंडाने काही नाही. मी ओळखलं होतं, चाकं काढली म्हणजे आता जा."

ल्यूशसचा हात मागे गेला. भिंतीशी ती कुजकी फळी टेकवलेली होती. लोकांनी कुरतडून कुरतडून तिचा कंगवा झाला होता. त्यांनी ती धरली. सांगा, मी मनात ओरडले, आता तरी सांगा! कारण आमच्याकडे शब्द देणं आणि सही करणं यांत काही दिवस जातात. ते दिवस मोकळे असतात आणि त्यात मन बदललेले खेळाडू लोकांनी पाहिले आहेत.

"सही झाली?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. पण तिथल्या प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन हो म्हटलंय."

ल्यूशस खाली बघत राहिले. मला त्यांची बोटं तेवढी दिसत होती, फळीवरची. मग ती सुटली. पायाने त्यांनी फळी हळूच डब्यामागे सरकवली.

"हातात हात दिलास ना? मग झालं. आपण शब्द फिरवत नाही."

"तुम्ही एकटे राहाल ना पॉपॉ, मला तीच..."

"एकटा कसला? मिस व्हर्डेल आहे. तिचं सूप आहे. तेवढी शिक्षा पुरे."

क्विंटन हसला आणि रडलाही. मग त्याला डब्याशेजारी चेंडू दिसला. त्याने तो उचलून दाबून पाहिला. हवा कमी झाली होती.

"माझा एक राहिलाय. आजीच्या दिवशी चुकवून गेलो होतो."

"आता कुठे टाकतोस? रिंग खाली आहे. रंगही ओला आहे."

"मग पुढच्या वेळी."

"हो. पुढच्या वेळी."

त्यांनी त्याला जवळ घेतलं. तो गल्लीतून निघाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टवर, पाठीमागे, नारिंगी रंगाचा एक पंजा उमटलेला दिसला. त्याला ते माहीत नव्हतं. ल्यूशसनी हाक मारून सांगितलं नाही. माझा तेवढा रंग त्याच्याबरोबर गेला.

पुढच्या आठवड्यात मला पुन्हा वर चढवलं. ल्यूशसनी दोरी आणली आणि ओडेसाबाईंसारखी जाळी विणायचा प्रयत्न केला. गाठी वेड्यावाकड्या झाल्या, पण जाळी झाली. माझ्याखाली मात्र कुणी येत नाही. आळीतली मुलं आता शाळेच्या गुळगुळीत मैदानावर खेळतात आणि मोठ्यांना वाटतं, ही रिंग म्हणजे काही तरी पवित्र वस्तू आहे, तिच्यावर चेंडू कसा मारायचा?

त्याला कारण आहे. क्विंटनने नव्या शहरात ती गोष्ट मुलाखतीत सांगितली. आजोबांनी रिंग उतरवून मला मोकळं केलं. ऐकणारे गहिवरले. आमच्या शहराचाही राग निवळला. ज्याने पिंपात जर्सी जाळली, तोच चर्चबाहेर ल्यूशसचा हात हातात घेऊन म्हणाला, "डीकन, केवढं मोठं मन तुमचं!" ल्यूशस मान हलवतात. न केलेल्या त्यागाचं कौतुक ते दर रविवारी ऐकून घेतात आणि घरी येऊन एकटेच जेवतात.

परवा व्हर्डेलबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सांगून टाका ना त्याला एकदा."

"काय सांगू?"

"हेच, की फळी कुजली होती."

"तिकडे चांगला खेळतोय तो. त्याला वाटतं, मी त्याला आशीर्वाद देऊन पाठवलं. ते काढून घेऊन त्याच्या हातात काय ठेवू, कुजकं लाकूड?"

बाई आत निघून गेल्या. ते चुकले असं मला रोज वाटतं आणि क्विंटनचा चेंडू तिकडे वरून अलगद उतरल्याचं रेडिओवर ऐकलं, की तेवढ्यापुरतं वाटेनासं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारख्या जुन्या वस्तू असतील. त्यांना गंज चढला तर खरवडा, लाकूड कुजलं तर बदला, आम्हाला फार बरं वाटतं. पण माणसांशी जे बोलायचं ते तुम्ही स्वतः, तोंडाने बोला. ते आमच्यावर सोपवू नका. आम्ही वस्तू आहोत. आम्हाला खाली उतरवलं तर आम्ही नुसत्या खाली उतरलेल्या असतो, त्यात कुणाचा निरोप नसतो. आणि कुणी तुम्हाला दोनदा विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तर त्याला जेवणाचं सांगू नका. काय वाटतं ते सांगा.

दर रविवारी चर्चमधून आल्यावर ल्यूशस पंप घेऊन बाहेर येतात, चेंडूत हवा भरतात आणि तो परत डब्याशेजारी ठेवतात. स्वतः कधी फेकत नाहीत. माझ्यामागची नवी फळी देवदाराची आहे. ती वीस वर्षं टिकेल, असं ते व्हर्डेलबाईंना सांगत होते. स्वतःबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही.